मदत हवी आहे: जुने एमडी५ पासवर्ड अरगॉन२आयडीवर नेताना

पीएचपीतल्या एका जुन्या साइटच्या टेबलात पासवर्ड सॉल्टशिवाय (प्रत्येक पासवर्डला जोडायच्या वेगळ्या यादृच्छिक अक्षरांशिवाय) एमडी५ या जुन्या, वेगवान पद्धतीने हॅश करून, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या रूपात, ठेवलेत. हे बदलायलाच हवं. आजचं एक ग्राफिक्स कार्ड असे हॅश सेकंदाला अब्जावधींनी तपासतं.

ठरवलंय ते असं: कॉलम ३२ वरून २५५ अक्षरांचा करायचा, नाहीतर नवा हॅश मध्येच कापला जाऊन बरोबर पासवर्डही चुकीचा ठरेल. मग प्रत्येक जुना हॅश अरगॉन२आयडीत (मुद्दाम संथ आणि मेमरीखाऊ केलेली हॅश पद्धत) गुंडाळायचा, म्हणजे त्या हॅशचाच पुन्हा हॅश करायचा, आणि वापरकर्ता लॉगिन झाला की मूळ पासवर्डवरून नवा हॅश करून गुंडाळलेला पुसायचा. बीक्रिप्ट (दुसरी एक हॅश पद्धत) नको, कारण ते ७२ बाइटपुढचं वाचतच नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं (काना-मात्राही वेगळी मोजली जाते), म्हणजे २४ चिन्हांत संपलं.

अडलंय ते सर्व्हरच्या मेमरीपाशी. ती फक्त ५१२ एमबी आहे. अरगॉन२आयडीच्या एका हॅशसाठी पीएचपीचं डिफॉल्ट ६५,५३६ केआयबी (६४ एमआयबी) तर परवडतच नाही. १९,४५६ केआयबी आणि २ फेऱ्या घेतल्या तरी एकदम २० लॉगिन आले की ३८० एमआयबी तिथेच जातात. लॉगिनसाठी एफपीएमचा (पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणारा प्रोग्राम) वेगळा, ४-५ प्रोसेसचा पूल करावा, की ७ एमआयबी आणि ५ फेऱ्यांवर यावं? आयपीनुसार मर्यादा घातली तर एका राउटरमागचे सगळेच अडकतात.

आणि जे परत लॉगिनच करत नाहीत त्यांचं काय? दुसऱ्या साइटवरून चोरीला गेलेले एमडी५ हॅश, मूळ पासवर्ड न शोधता, थेट गुंडाळलेल्या हॅशवर लावून बघता येतात, त्यामुळे ते कायमचे ठेवणं मला पटत नाही. किती महिन्यांनी पुसून ईमेलने रीसेट करायला लावता?