घरगुती लग्न आणि ट्यूबलाइटचा उजेड
घरगुती लग्नाच्या फोटोंबद्दलच्या वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की चाळीस-पन्नास माणसांच्या लग्नाला एकच फोटोग्राफर पुरे, ते अगदी पटतं. गिरगावातल्या चाळीच्या खोलीत दुसरा शिरला की आजी-मावशांनाच मागे सरकावं लागतं. पण 'कॅमेऱ्याचं शटर १/५०० सेकंदावर ठेवा, अक्षता हवेत गोठतात' हा त्यातला सल्ला सरसकट नको. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर वेगवान ठेवलं की फोटोत काळपट पट्टे येतात, आणि अंतरपाट दूर होतानाचा क्षण काही परत मिळत नाही.

अशा खोलीत मी १/१०० सेकंदावरच थांबतो, म्हणजे एक लुकलुक पूर्ण टिपली जाते आणि पट्टे येत नाहीत. अक्षतांच्या पुसट रेघा उमटतात, मला त्या आवडतात. उभं राहायचं अंतरपाट धरणाऱ्याच्या मागे, कडेला. दोघांचे चेहरे एकाच चौकटीत येतात. गुरुजींना आधी विचारून ठेवावं.