कंपनीची फिल्म करतोय, पण स्क्रिप्टचे पैसे द्यायला क्लायंट तयार नाही. कोटेशन कसं द्यावं?

कर्वेनगरवाली:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी आणि माझा मावसभाऊ मिळून व्हिडिओ आणि कंटेंटची कामं घेतो, म्हणजे कॅमेरा-एडिटिंग त्याचं आणि स्क्रिप्ट, व्हॉइसओव्हर, वेबसाइटचा मजकूर वगैरे माझं. आत्तापर्यंत क्लासेस, दवाखाने, एखादा बिल्डर, सगळं ओळखीतून. आता भोसरीतल्या एका शीट मेटलवाल्यांचं काम येऊ घातलंय. चिंचवडला ऑटो क्लस्टरमध्ये प्रदर्शन आहे, तिथे त्यांच्या स्टॉलवर टीव्हीवर लावायला तीन मिनिटांची फिल्म हवीय आणि तीच पुढे वेबसाइटवर. आम्ही ८५ हजारांचं कोटेशन दिलं, त्यात १८ हजार स्क्रिप्टचे वेगळे दाखवले. लगेच मालकांचा फोन. शूटिंगचं समजू शकतो हो, पण लिहायचे कसले अठरा हजार, माहिती तर आम्हीच देणार ना, आणि पुतण्याने चॅटजीपीटीवरून स्क्रिप्ट काढलीय ती पाठवतो, तेवढे कमी करा. भाऊ म्हणतो ती ओळच काढ आणि पैसे शूटिंगमध्ये ढकल, कोणाला कळतंय. मला पटत नाहीये, कारण उद्या त्यांच्याकडूनच नुसतं ब्रोशर लिहायचं काम आलं तर कुठल्या तोंडाने पैसे मागायचे? शिवाय त्यांना सगळं रॉ फुटेज, म्हणजे एडिट न केलेलं शूटिंग पण हवंय. तुम्ही लोक कसं करता?

पेठेतला_पार्किंगशिवाय:
ओळ अजिबात काढू नका ताई. फक्त त्या १८ हजारांत काय काय येतं ते खाली लिहा, नाहीतर समोरच्याला दोन पानं टाइप केलेलीच दिसतात. फॅक्टरीत आधी एक चक्कर, सुपरवायझरशी बोलणं, शॉट लिस्ट, स्क्रीनवरचा मजकूर, व्हॉइसओव्हर, दोन वेळा बदल, असं सगळं.

पुतण्याची स्क्रिप्ट न वाचता सांगतो, त्यात "गुणवत्ता, विश्वास आणि नावीन्य" आहे. कंपनीचं नाव बदललं की तीच अगरबत्तीवाल्याला पण चालेल. पण त्यावरून वाद घालू नका, साहेबांना एवढंच विचारा की स्टॉलवर थांबणारा माणूस कोण? बहुतेक कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या पर्चेसचा नाहीतर क्वालिटीचा असणार, त्याला प्रेस किती टनाचा, डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) घरात बनते की बाहेरून येते, तपासणी कुठल्या टप्प्यावर होते हे बघायचंय, संस्थापकांचा फोटो आणि कुंडीतली झाडं नाही. दुसरं म्हणजे प्रदर्शनाच्या हॉलमध्ये एवढा कलकलाट असतो की व्हॉइसओव्हर कोणाच्या बापाला ऐकू जात नाही, त्यामुळे आवाज बंद असतानाही फिल्म कळली पाहिजे, स्क्रीनवरच्या पट्टीवर चार-पाच शब्द, आणि माणूस चालता चालता मधूनच बघायला लागतो म्हणून प्रत्येक तुकडा आपापला उभा राहिला पाहिजे. हे सगळं कॅमेरा पिशवीतून काढायच्या आधी ठरतं. हे ठरलं नाही तर एका दिवसाचं शूट दोन दिवस चालतं आणि दुसऱ्या दिवसाचं कॅमेरा-लाइटचं भाडं लिहिण्याच्या पैशापेक्षा जास्त होतं, हा हिशेब मालक माणसाला बरोब्बर कळतो, त्याच भाषेत सांगा.

आणि स्क्रिप्टला मेलवर होकार आल्याशिवाय शूटची तारीख देऊ नका.

दिग्दर्शक_१०८०पी:
८५ हजार??? मी मोबाइल आणि गिंबलवर १५ मध्ये करून देईन, स्क्रिप्ट फ्री

पेठेतला_पार्किंगशिवाय:
@दिग्दर्शक करा की. पण शॉप फ्लोअरवर दिव्यांखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदाला बांधा बरं का, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ऑटोवर ठेवलंत तर पूर्ण फिल्मभर पट्टे सरकताना दिसतील आणि ते एडिटला धड जात नाहीत.

भोसरीकर:
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा माणूस, एका कंपनीत पर्चेस बघतो, म्हणून दोन शब्द. मालक कंजूष आहेत असं समजू नका. आमच्याकडे दर नगावर आणि किलोवर ठरतो, त्यामुळे प्रत्येक ओळ घासून बघायची सवय आहे, स्क्रूवालासुद्धा त्यातून सुटत नाही. त्यांनी विचारलं म्हणजे नाही म्हणाले असं नाही.

जास्त महत्त्वाचं सांगतो. शूटिंगला गेलात की मागच्या बिनमध्ये दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पार्ट असतात, बोर्डावर ड्रॉइंग लटकवलेलं असतं, त्यावर पार्ट नंबर आणि गाडीचा प्रोजेक्ट कोड. बाजारात न आलेल्या गाडीचा पार्ट तुमच्या फिल्ममध्ये दिसला तर तुमच्या क्लायंटच्या हातचं ते कामच जाऊ शकतं, गोपनीयतेचे करार असतात. म्हणून क्वालिटीचा एक माणूस दिवसभर तुमच्याबरोबर मॉनिटरसमोर उभा करा असं कोटेशनमध्येच लिहा, मालकांना तुमच्याबद्दल एकदम आदर वाटेल. रॉ फुटेज ते का मागतायत तेही बहुधा याच भीतीने, विचारून बघा.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, त्या दिवशी शांतता मिळेल म्हणून मुलाखत ठेवाल तर महावितरणची देखभालीची कामं पण गुरुवारीच निघतात, जनरेटर आहे का ते आधी विचारा. आणि पीओ (कंपनीची लेखी ऑर्डर) हातात आल्याशिवाय गेट पास काढू नका. तोंडी "करा हो सुरू" वर आमच्या अकाउंट्सवाल्यांकडून एक रुपया सुटत नाही.

हिशेबाची_वही:
पैशाचं मी सांगते, सीए नाही पण फ्रीलान्सरांची बुकं लिहिते.

ॲडव्हान्स ५० टक्के, स्क्रिप्ट आणि शूट झाल्यावर ३०, फायनल फाइल द्यायच्या आधी २०. शेवटचे २० उरले की वॉटरमार्कवाली कॉपी दाखवायची, मूळ फाइल नाही. ही कंपनी व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापेल (वर्षात एका क्लायंटकडून ५० हजारांच्या वर गेलं की, २०२५ च्या एप्रिलच्या आधी ही मर्यादा ३० हजार होती), म्हणजे ८५ मधले साडेआठ हजार लगेच हातात येणार नाहीत, रिटर्न भरताना जमा धरून घ्यायचे. जीएसटी सर्व्हिसला वर्षाच्या २० लाखांपर्यंत लागत नाही, तेव्हा नंबर नाही म्हणून लाजू नका, बिलावर जीएसटी लावू मात्र नका.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) काढली नसेल तर काम सुरू करायच्या आधी काढा, सरकारी साइटवर फुकट होते, मध्ये कोणी दोन हजार मागत असेल तर त्याला चहा पाजून घालवा. त्याने काय होतं, तर सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, २००६ च्या कायद्यातच आहे. उशीर झाला तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्यांना इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, म्हणून मार्च जवळ आला की अकाउंट्सवालेच फोन करून विचारतात तुमचा उद्यम नंबर काय. बिलावर छापून टाका.

भोसरीकर:
हे मात्र खरंय, मार्चमध्ये आमच्याकडे याचीच धावपळ असते 😄

शाईसांडली:
रॉ फुटेजवर कोणी धड बोललं नाही म्हणून. मी फक्त लिहिते, पण या भानगडीत वाचून ठेवलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन कोणी फिल्म करून घेतली आणि वेगळा करार नसेल तर फिल्मचा पहिला मालक तो पैसे देणारा. लिखाणाचं उलट आहे, तुम्ही त्यांच्या नोकर नाही, त्यामुळे लेखी करार करून दिला नाही तर स्क्रिप्टचा हक्क तुमच्याकडेच राहतो. आणि करारात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात. म्हणजे ज्या अठरा हजारांवर ते घासाघीस करतायत त्यातच त्यांना हवी असलेली वस्तू आहे. "पूर्ण पैसे मिळाल्यावर स्क्रिप्टचे हक्क कायमचे तुमचे" असं लिहा. ब्रोशरला तीच वाक्यं वापरायला मोकळे.

रॉ फुटेज फिल्ममध्ये धरायचं की नाही यावर भांडत बसू नका, कोटेशनमध्ये वेगळा दर टाका, हार्डडिस्क त्यांची. आणि म्युझिक लायसन्स घेतलेलंच वापरा, हिंदी गाणं लावा म्हणतील, यूट्यूबवर चढवलं की कॉपीराइटचा क्लेम आलाच समजा.

कर्वेनगरवाली:
सगळ्यांचे आभार, नवीन कोटेशन काल गेलं. १८ हजारांच्या खाली कामं लिहिली, रॉ फुटेजचे ७ वेगळे, क्वालिटीच्या माणसाची अट घातली. @भोसरीकर तुमचं खरं निघालं, रॉ फुटेज त्या पार्टच्या भीतीनेच मागत होते, तो माणूस उभा करणार म्हटल्यावर तो विषयच सोडून दिला. स्क्रिप्टला पण हो म्हणाले. पण आता म्हणतात एवढं लिहिणारच आहात तर इंग्लिशबरोबर हिंदी आणि मराठी पण करून द्या, त्यात काय, नुसतं भाषांतर तर आहे 🙏

शाईसांडली:
हाहा. सांगा की तेच वाक्य मराठीत लांबी बदलतं, आवाज चित्राच्या पुढे नाहीतर मागे जातो, म्हणजे परत लिहायचं, परत रेकॉर्ड करायचं, पट्ट्या परत बसवायच्या. भाषेमागे स्क्रिप्टच्या निम्मे मागा, व्हॉइस आर्टिस्ट वेगळा.

पेठेतला_पार्किंगशिवाय:
आणि तिन्ही भाषांची पीओत वेगळी ओळ. टायमिंग इंग्लिशचं लॉक झाल्यावरच बाकीच्या दोन घ्या, नाहीतर एका बदलाला तीनदा एडिटवर बसाल.