कृष्णधवल छायाचित्रात भगवी पताका आकाशात विरून जाते

घाटवाट : दिवे घाटात वारीची छायाचित्रे काढली. रंगीत चित्रात निळ्या आकाशावर उठून दिसणारी भगवी पताका संगणकावर रंग काढून टाकताच आकाशाइतकीच करडी झाली. चूक कॅमेऱ्याची की माझी?

करडीछटा : दोघांचीही नाही. रंग काढल्यावर उरतो तो केवळ उजळपणा, आणि तुमच्या भगव्याचा व निळ्याचा उजळपणा जवळपास सारखा असणार. फिल्मच्या काळी भिंगापुढे लाल काच लावत, जिच्यामुळे आकाश गडद आणि पताका उजळ उमटे. डिजिटलमध्ये तेच काम नंतर, कृष्णधवल मिश्रणात (प्रत्येक रंग किती उजळ करडा दिसावा हे ठरवणाऱ्या सोयीत) नारिंगी वाढवून आणि निळा कमी करून होते. मात्र त्यासाठी मूळ फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) किंवा निदान रंगीत हवी, कारण कॅमेऱ्याने कृष्णधवल जेपेगच साठवली असेल, तर रंगांची माहिती तिथेच संपलेली असते.

जुनीरीळ : निळा फार खाली ओढू नका, आकाशात दाणेदार ठिपके दिसू लागतात आणि पताकेच्या कडेला पांढरी रेघ उमटते. लायकाने 2012 मध्ये आणलेल्या केवळ कृष्णधवल कॅमेऱ्यात तर सेन्सरवर रंग वेगळे करणारी गाळणीच नाही, त्यामुळे तिथे आजही काचच लावावी लागते. (किंमत विचारू नका.)

घाटवाट : रॉ फाइल होती. निळा थोडाच उतरवला, तरी पताका सुटी झाली. वारकऱ्यांचे पांढरे सदरे मात्र आधीच जळालेले (जास्त प्रकाशाने तपशील हरवून पांढरेफटक झालेले) निघाले.

करडीछटा : पुढच्या वेळी प्रकाशमापन सदऱ्यांवर करा, सावल्या नंतर उजळता येतात.