डीएलएड करतेय, पण तिसरीतल्या पोराच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही

प्रश्न (तासगाव)
नमस्कार. मी डीएलएड (प्राथमिक शिक्षकाची पदविका) दुसऱ्या वर्षाला, बारावी आर्ट्स, गणित दहावीलाच सुटलं. इंटर्नशिपला झेडपीच्या शाळेत तिसरीला 403 वजा 157 घेतलं, फळ्यावर शून्याचे दहा केले, दहाचे नऊ केले, उत्तर 246 आलं, आणि एक पोरगा उठून म्हणाला, "बाई, शून्याकडं कायच नाय, मग त्यानं उसनं दिलं कुठनं?" शेजारच्याकडनं घेऊन दिलं म्हटलं, पण नऊ का राहिले ते मलाच सांगता येईना. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) सराव पेपरात गणिताला 30 पैकी 22-23 पडतात, मग इथं का अडलं? रात्री झोप नाही लागली.

वाईचे गुरुजी
ताई, आधी त्या पोराला शाबासकी द्या. मग शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी घेऊन बसा, दुकानदाराला 157 द्यायचेत. एक शंभराची मोड केली की दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडली की दहा नाणी, हातात दहाच्या उरल्या नऊ. तोच तुमचा नऊ. आणि मी तर 'उसनं' हा शब्दच वापरत नाही, उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं, इथं कोण देतंय परत? मोड म्हणा.

मिरज, छात्राध्यापक
आमच्याकडं पण सेम. अर्धा भागिले पाव, उलटून गुणा, उत्तर दोन, हे सगळ्यांना येतं. मॅडमनी यावर शाब्दिक उदाहरण करायला सांगितलं तर निम्म्या वर्गानं लिहिलं "अर्धी भाकरी चौघांत वाटली", मी पण. ते तर भागिले चार झालं! अर्ध्या लिटर दुधात पावशेराची नाही, पाव लिटरची मापं किती भरतात, असं हवं होतं.

कराडहून
टीईटीत चार पर्यायांतलं एक निवडायचं असतं, ताई, समजावून कुठं सांगायचंय. एक करून बघा, पोरांची चुकलेली वही घरी आणा. एकोणसाठ सांगितलं की 69 लिहितात, कारण साठ ऐकू येतं, आणि 'एकोण' आलं की शेवटी नऊ हे माहीत असतं. त्यात निष्काळजीपणा नाही, पोरानं विचार केलाय. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकोणसाठला 'पन्नास नऊ' म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढी टीका झाली, पण अडचण खरी होती.

तासगाव
गुरुजी, खूप आभार. पुठ्ठ्याच्या नोटा कापून ठेवल्यात, उद्या दुसरा तास त्याच वर्गावर आहे.