अनुभव धागा: सुट्टीत अख्खी होडी ठरवून मासे गरवायला गेलात का कधी?

सांजवारा
काल माळा आवरताना एक लाकडी फळी सापडली, वीतभर, दोन्ही टोकांना खाच आणि मधे पिवळट तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) गुंडाळलेला. नवरा म्हणाला टाक, कसला कचरा. मी म्हणलं थांब, ही देवबागची आहे!

डिसेंबर २०१४. आम्ही दोघं, मुलगा आणि सासरे. सासरे म्हणजे अण्णा, बार्शीकडचे, माळकरी, कांदासुद्धा एकादशीला नाही. समुद्र तोवर पाहिलेला नव्हता. घरगुती राहायची सोय होती तिथल्या काकू म्हणाल्या डॉल्फिनच्या होडीत वीस जण कोंबतात, त्यापेक्षा माझा भाचा अख्खी होडी घेऊन जाईल, गरवायला पण मिळेल. साडेतीन हजार, चार तास. नवऱ्याने घासाघीस करून बत्तीसशेवर आणलं (आज लाज वाटते). अण्णा येणार नव्हते, पण एकटे खोलीत काय करू म्हणून आले.

पहाटे पाचला निघालो, कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडताना होडी अशी उडाली की मुलगा माझ्या मांडीत आणि मी काकूंच्या डब्यावर. निवतीच्या बाजूला खडपं (पाण्यातले खडक) आहेत तिथे नांगर टाकला. रॉड बिड काही नाही, नुसता हातदोर. त्या तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या भाच्याच्या, पहिल्या बोटात सायकलच्या ट्यूबचा कापलेला तुकडा होता अंगठीसारखा, दोर कापू नये म्हणून. आम्हाला पण दिले एकेक. दीड तास काही नाही. नवऱ्याने तीनदा विचारलं इथे मासे आहेत नं नक्की.

मग इंजिनात काहीतरी अडकलं म्हणून तांडेलाने स्वतःचा दोर अण्णांच्या हातात दिला, "आजोबानू, वायच धरा हां". माळकरी माणूस, पण कोणी काही धरायला दिलं तर नाही कसं म्हणणार. आणि लागला की हो मासा! अण्णा उभेच राहिले. तो ओरडतोय "बसा बसा, वढू नकात, सैल सोडा... आता वढा". हेकरू होता, असेल दोनेक किलोचा, तपकिरी, ठिपके ठिपके.

अण्णांनी गरी काढून घेतली त्याच्याकडून, मासा दोन्ही ओंजळीत धरला आणि विचारलं, हा सोडता येईल का? तो म्हणाला सोडूक व्होयो तर आत्ताच सोडा. सोडला. सरळ खाली गेला.

दिवसभरातला तेवढा एकच. नवरा दुपारपर्यंत बोलला नाही. निघताना तांडेलाने ही फळी अण्णांना दिली, ती त्यांनी कुठे ठेवली मला पत्ता नव्हता.

तुमचे अनुभव येऊ द्या. लागले, नाही लागले, उलट्या, भांडणं, सगळं चालेल.

तिरफळ
हेकरू सोडला??? अहो सांजवारा 😭 बाजारात काय भाव आहे माहितीये का

उंडारलेला
बत्तीसशेत चार तास अख्खी होडी. आत्ता त्यात डिझेल पण यायचं नाही.

टॅम्पाकर
मस्त लिहिलंय. आमचा फ्लोरिडाचा किस्सा. तिकडे डेस्टिन म्हणून गाव आहे, स्वतःला जगातलं सगळ्यात नशीबवान मासेमारी गाव म्हणवतं. जूनमध्ये गेलो कारण रेड स्नॅपरचा सीझन तेव्हा असतो. दोन कुटुंबं मिळून हाफ डे चार्टर (अर्ध्या दिवसाची भाड्याची बोट) घेतली, सहा जणांची. आम्ही सहा मोठे आणि एक दोन वर्षांची मुलगी. धक्क्यावर कॅप्टन म्हणाला सात होतात. म्हटलं ती मांडीवर बसेल. तो म्हणे माझं लायसन सहा प्रवाशांचं आहे, मांडीवरचा पण प्रवासीच. झालं, बायको आणि मुलगी किनाऱ्यावर. अकरा वर्षं झाली, अजून ऐकतोय.

पुढे ऐका. मित्राची आई होती बरोबर, त्या दिवशी संकष्टी. काकूंनी बोट सुटल्यावर पिशवीतून केळी काढली. त्या कॅप्टनचा चेहरा!! बोटीवर केळं म्हणजे त्यांच्यात महाअपशकुन. मी आधी समजलो चेष्टा करतोय, पण त्याचा मदतनीस आला आणि घड उचलून चक्क समुद्रात. काकू हबकल्या. मग मी समजावून सांगितलं की उपास आहे तर त्याने बिचाऱ्याने स्वतःच्या डब्यातले शेंगदाणे दिले.

मासे मिळाले पण. माणशी दोन ठेवायचे, सोळा इंचाच्या खालचा परत सोडायचा. तो मदतनीस पट्टीवर ठेवून मोजायचा, माझा एक पंधरा भरला, गेला परत. आणि नुसता फेकला नाही, खोलातून वर आणला की माशाचं पोट फुगतं, मग तो खाली जाऊ शकत नाही, वर तरंगत राहतो. त्याच्या ओठाला वजन लावलेली चिमटी अडकवून तळाकडे सोडतात, खाली गेल्यावर ती सुटते. सोडण्यात पण एवढं शास्त्र असतं हे तेव्हा कळलं.

परत आल्यावर धक्क्यावरच मासे साफ करून देतात, बाजूला पेलिकन रांग लावून उभे. टिप वेगळी, पंधरा ते वीस टक्के, ती भाड्यात धरलेली नसते हे लक्षात ठेवा नाहीतर ऐनवेळी एटीएम शोधत फिराल (मी).

उंडारलेला
म्हणजे बोटीवर सत्यनारायण घालायची सोय नाही

तिरफळ
😂😂 शिऱ्यात केळं घातलंय हे कॅप्टनला सांगायचंच नाही

मीठभाकर
वाचून बरं वाटलं की लोकांना मासे तरी मिळतात. आमचं गोव्याचं ऐका. नवऱ्याचा चाळिसावा वाढदिवस, सरप्राईज म्हणून फोनवर "प्रायव्हेट फिशिंग बोट" ठरवली, निम्मे पैसे आधी. बोटीचं नाव सांगत नाही. जेटीवर गेलो तर तिथे आधीच चौदा जण बसलेले आणि स्पीकरवर गाणी ढॅणढॅण. मी विचारलं प्रायव्हेट म्हणाला होतात नं, तर म्हणे मॅडम बोट प्रायव्हेट मालकाचीच आहे!!! यावर काय बोलणार.

फिशिंग म्हणजे काय तर पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली दोरी आणि कोलंबीचा तुकडा. पंधरा मिनिटं. नवऱ्याला लागला तो केंड, वर आल्यावर फुगला फुग्यासारखा. शेजारचे दिल्लीचे लोक म्हणाले हा फ्राय करू. बोटवाला गप्प! नवऱ्यानेच सांगितलं की बाबांनो विषारी असतो तो, शिजवून पण विष जात नाही. लाईफ जॅकेट मागितल्यावर सीटखालून काढली, बक्कल तुटलेली. त्यात मला उलट्या. उरलेले निम्मे पैसे देताना मी भांडले पण दिलेच शेवटी, परत किनाऱ्यावर यायचं होतं ना.

सांजवारा
@मीठभाकर "प्रायव्हेट मालकाची" 🤣🤣 सॉरी हसू नये पण

आगरी_बोटं
उलटीसाठी आलेपाक. निघायच्या आधी, लागायला लागल्यावर नाही.

मीठभाकर
आलेपाक होता. तोही गेला.

चहाटळ
अव्होमिन (उलटीची गोळी) तासभर आधी घ्या आणि मागच्या बाजूला बसा, नजर लांब क्षितिजावर. मोबाईलमध्ये बघितलंत की संपलं. डिझेलच्या धुराच्या बाजूला तर अजिबात नाही.

खडपावरचा
मी मालवणचाच. थोडं लिहितो, भात टाकलाय शिट्टी होईपर्यंत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा कोणी पर्यटकाला बाहेर नेतो म्हणाला तर जाऊ नका. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावर खरी सुरुवात, पण पाहुण्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला, सकाळी मतलई (जमिनीकडून येणारा) वारा असतो, समुद्र शांत. दुपारी खारा (समुद्राकडून येणारा) वारा सुटला की परत या.

दुसरं म्हणजे तिथी बघून या. अमावास्या पौर्णिमेला उधाण, पाणी इतकं ओढतं की हातदोराचं शिसं (दोर खाली नेणारं वजन) तळाला टिकत नाही. अष्टमी नवमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी, तेव्हा खडपाजवळ गरवायला बरं. शनिवार रविवार बघून येणाऱ्यांना हे सांगितलं की राग येतो, काय करणार.

मासेमारीच्या बोटीचं लायसन आणि प्रवासी नेण्याचं लायसन वेगळं असतं, हे दुसरं मेरीटाईम बोर्ड देतं. कागद विचारायला लाजू नका. आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती सागरी अभयारण्य आहे १९८७ पासून, तिथे गरवायला सांगू नका आम्हाला. पर्यटक बोट दाखवून म्हणतात तिकडे मासे दिसतायत तिकडे चला. दिसतायत कारण तिथे धरत नाहीत!

घासाघीस करा, पण कळून करा. मासा लागला नाही तरी डिझेल जळतंच. आलो

सांजवारा
@खडपावरचा एक विचारायचं होतं. टॅम्पाकरांचं पोट फुगण्याचं वाचल्यापासून डोक्यात आहे. अण्णांचा हेकरू जगला असेल का? पाणी किती खोल होतं माहीत नाही, तांडेल आठ की दहा वाव म्हणाला होता.

अहिंसक_आमटी
नाही पटलं. खायचा असेल तर एक वेळ समजू शकते, पण सुट्टीत गंमत म्हणून कोणाच्या तोंडात आकडा घालायचा आणि वर सोडला म्हणून पुण्य मिळवायचं? त्या अण्णांबद्दल नाही म्हणत, ते वेगळं.

तिरफळ
झालं सुरू

पोपर
@अहिंसक_आमटी तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, मी स्वतः सोडून देणारा आहे आणि हा प्रश्न मला पण पडतो. अंदमानला गेलो होतो जायंट ट्रेव्हली नावाच्या माशासाठी, आमच्यात जीटी म्हणतात. पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) वरून तीन दिवस चार्टर, दोघांत वाटून, पैसे सांगत नाही कारण बायको हे वाचते. पॉपर म्हणजे लाकडी खोटा मासा, तो लांब फेकायचा आणि झटके देत पाण्यावर भुडुक भुडुक आवाज करत ओढायचा. दिवसात दोनशे तीनशे वेळा. पहिले दोन दिवस शून्य, मनगट सुजलं, रात्री ताटातला घास उचलवत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम पाणी फुटलं, म्हशीने डुबकी मारल्यासारखं. वीस मिनिटं. वीस किलोच्या आसपास असेल. गाईडने गळाचे काटे आधीच दाबून सपाट केले होते, त्यामुळे चिमट्याने एका झटक्यात निघाला. एक फोटो, मग शेपटीजवळ धरून पाण्यात पुढे मागे, त्याने स्वतः झटका दिला तेव्हा सोडला. हात थरथरत होते माझे.

त्याला काय वाटलं ते मी कसं सांगणार.

अहिंसक_आमटी
प्रामाणिक लिहिलंत. पटलं नाही तरी.

उंडारलेला
बायकोने वाचलं का 👀

पोपर
वाचलं. आकडा विचारतेय.

हळदओली
मॉरिशस, हनिमून, डिसेंबर. नवऱ्याला मार्लिन पकडायचाच होता, ब्लॅक रिव्हरवरून अर्धा दिवस बोट. खुर्चीत पट्टे बांधून बसायचं असतं, मागे दोऱ्या सोडून बोट हळू पळत राहते. साहेब पहिल्या तासात आडवे 😂 मासा आला तेव्हा खुर्चीत मी! मार्लिन नव्हता, डोराडो होता, काय रंग हो त्याचा, हिरवा सोनेरी निळा, आणि बोटीत आल्यावर डोळ्यादेखत करडा होत गेला. ते बघून कसंतरीच झालं.

मी विचारलं हॉटेलवर करून देतील का, तर कळलं की आमच्या बोटीचा नियम होता मासा बोटीचा! आपला फक्त फोटो. बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात होतं म्हणे. पण खलाशी गोड होता, आम्ही मराठी बोलताना ऐकून म्हणाला माझी आजी मराठी. त्याला स्वतःला दोन चार शब्दच येत होते, पण गणपती घरी बसतो म्हणाला, तिकडे चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. शेवटी दोन मोठे तुकडे पिशवीत घालून गुपचूप दिले. हॉटेलवाल्याने लोण्यात केला, बेचव. मीठ मसाला नाही काही.

तिरफळ
लोण्यात!! अरे देवा. कोकमाचं आगळ, हळद, तिखट, रव्यात घोळवून तव्यावर, झालं.

आगरी_बोटं
रवा नाही तांदळाचं पीठ.

तिरफळ
रवा.

आगरी_बोटं
बरं माझा अनुभव, हर्णैला पाहुण्यांना घेऊन गेलेलो, मेव्हण्याला शिंगाळा लागला आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्याने मुठीत धरला. काटा घुसला. एवढा मोठा माणूस, पोलिसात आहे, आई आई करत होता. तांडेलाने स्टोव्हवर चहाचं पाणी होतं तेच ओतलं टोपात, थोडं थंड केलं आणि सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला, तासाभरात कळ उतरली. मग दापोलीला डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन. चहा राहिलाच.
आणि तांदळाचं पीठच.

खडपावरचा
@सांजवारा दहा वाव म्हणजे साठ फूट. फार खोल नाही. वर तरंगत राहिला नाही, सरळ खाली गेला म्हणताय तर जगला असणार. हेकरू तसा चिवट. आणि तो खडप सोडून फार लांब जात नाही, कदाचित नंतर माझ्याच चुलत भावाने धरला असेल 😄

सांजवारा
हे नाही सांगणार अण्णांना 😄

आत्ता संध्याकाळी फळी दाखवली त्यांना. ८४ चे आहेत, सकाळी काय खाल्लं ते विसरतात. हातात घेतली, तंगूस थोडा सोडून बघितला, परत आठच्या आकड्यात गुंडाळला अगदी पद्धतशीर आणि मला विचारतात, याचं शिसं कुठंय?

पुण्यात कुठे मिळेल का हो हातदोराचं शिसं?

चहाटळ
रविवार पेठेत बोहरी आळीत बघा, तिथे काय मिळत नाही. गाडी मात्र लांब लावा.