विषय: पुन: ओतेल द व्हील नक्की किती जुनं?

नमस्कार मंडळी,

रविवारच्या फेरफटक्यातले ओतेल द व्हीलचे, म्हणजे पॅरिसच्या नगरपालिकेच्या इमारतीचे, फोटो छान आलेत, पण त्यांच्याखाली "1533 ची इमारत" असं लिहिलंय ते अर्धंच खरं. 1357 मध्ये शहरातल्या व्यापाऱ्यांचा प्रमुख एतिएन मार्सेल याने तिथलं खांबांचं घर शहरासाठी घेतलं, मग 1533 ला पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या वेळी बोकादोर नावाच्या इटालियन माणसाच्या आराखड्यावर नवं बांधकाम सुरू झालं आणि रखडत रखडत 1628 ला संपलं. ते सगळं 24 मे 1871 ला जळालं. पॅरिस कम्यूनचा, म्हणजे शहर ताब्यात घेतलेल्या बंडखोर सरकारचा, शेवटचा आठवडा, फ्रेंच सरकारचं सैन्य शहरात घुसलेलं, माघार घेताना कम्यूनवाल्यांनीच आग लावली आणि काळ्या भिंती तेवढ्या उरल्या. आपण बघितली ती बाल्यू आणि देपर्त या वास्तुविशारदांनी बांधलेली, उद्घाटन 1882. मधला दर्शनी भाग हुबेहूब जुन्यासारखा, आतलं मात्र नवीन. बाहेर शंभरावर पुतळे आहेत, त्यातला गणितज्ञ दालाँबेरचा पुतळा प्रसिद्ध शिल्पकार रोदँने केलाय, पुढच्या वेळी नक्की शोधा.

---

काका, मस्त माहिती! समोरच्या चौकाचं जुनं नाव प्लास द ग्रेव्ह ना? फ्रेंचमध्ये ग्रेव्ह म्हणजे संप, मग तिथे संप व्हायचे म्हणून ते नाव पडलं का?

---

ताई, उलटं आहे. ग्रेव्ह म्हणजे आधी नदीकाठची वाळू. सेनच्या त्या काठाला मालाच्या होड्या लागायच्या, रोजंदारीवाले काम मिळेल म्हणून तिथे येऊन उभे राहायचे, आणि काम नसताना चौकात थांबणं यावरून पुढे तो शब्द संपाला चिकटला.

मला मात्र इमारतीपेक्षा कागदांचं जास्त वाईट वाटतं. 1860 च्या आधीच्या पॅरिसच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्यांची एक प्रत इथे होती आणि दुसरी, काळजी म्हणून, न्यायालयाच्या इमारतीत. त्याच आठवड्यात दोन्ही जळाल्या! सुमारे 80 लाख नोंदी गेल्या. मग 1872 पासून लोकांनी घरातले दाखले, चर्चचे कागद, नोटरीचे दस्त आणून दिले, त्यावरून जेमतेम एक तृतीयांश परत उभ्या झाल्या. आमच्या मजल्यावरच्या फ्रेंच आजींकडे त्यांच्या खापरपणजोबांचा तसा पुन्हा केलेला जन्मदाखला आहे, त्यांनी तो मला दोन्ही हातांनी धरून दाखवला.