मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी: एका दिवसाच्या सहलीचे अनुभव लिहा

मुंबईच्या आसपास एका दिवसात बघण्यासारख्या जागांच्या याद्या ढिगाने मिळतात. अलिबाग, लोणावळा, माथेरान, कर्जत. बोरिवलीच्या माणसाने यातलं काय निवडावं आणि डोंबिवलीच्या माणसाने काय, हे मात्र कुणी सांगत नाही. विरारच्या माणसाला गेटवेपर्यंत पोचायलाच दीड-दोन तास जातात. तेवढ्यात तो उलट्या दिशेने निघाला तर केळव्याच्या किनाऱ्यावर फिरत असेल.

माझा आग्रह असा की ठिकाण ठरवायच्या आधी परतीची गाडी, लाँच किंवा एसटी ठरवा आणि दिवस तिथून मागे मोजत या. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक असतो, तेव्हा जायचं असेल तर त्याआधीच पलीकडे पोचलेलं बरं. सोमवारी घारापुरीची लेणी बंद. सोमवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही बंद, म्हणून कान्हेरीही गेली. रविवारी संध्याकाळी घाट उतरून मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांची रांग कुठवर लागते हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको.

तर लिहा. कुठल्या स्टेशनवरून निघालात, बरोबर कोण होतं, कुठला वार होता, परत कसे आलात. नुसती नावं नकोत. खायचं काय मिळालं आणि स्वच्छतागृह कुठे सापडलं तेही लिहा, त्यावर बायकांची अर्धी सहल अवलंबून असते.

गिरगावहून

माझं माहेर थळचं, तेव्हा कुलाबा किल्ल्याचं मीच लिहिते. लोक हौसेने अलिबागला येतात, किनाऱ्यावर उभे राहतात आणि किल्ला पाण्यात! मग होडीने जाऊन येतात किंवा लांबूनच फोटो काढून परत फिरतात.

ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं, आणि ती वेळ आमच्याकडे पंचांगावरून काढतात. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी नवाच्या सुमाराला. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, म्हणून ओहोटी पहाटे सहाला नाहीतर संध्याकाळी सहाला. पाणी खूप आत जातं, पण मुंबईहून येणाऱ्याच्या कामाची ती वेळ नाही. अष्टमीला ओहोटी ऐन बाराला, सोयीची वाटते; पण तेव्हा भांग असतो, पाणी पुरतं ओसरत नाही, वाटेत गुडघाभर उरतं. म्हणून पाहुण्यांनी विचारलं की मी चतुर्थी-पंचमी सांगते. हिशेब अंदाजाचा आहे, त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टकही बघाच.

गेटवेहून सकाळची पहिली लाँच घ्यायची. मांडवा तासाभरात येतं, पुढे अलिबागपर्यंतची बस काही लाँचवाल्यांच्या तिकिटातच असते. किनाऱ्यावर घोडागाड्या असतात, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल बसावं. बाकीच्यांनी चालत जा, पण चपला हातात घेऊ नका. वाटेतल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार तळवा चिरून जाते. मागे पट्टा असलेली सँडल उत्तम. आत गणपतीचं पंचायतन आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये पिण्याजोगं, हे बघून मुलं हमखास प्रश्न विचारतात. तासाभरात बघून व्हायला हवं. तिथला कुणीही 'पाणी फिरलं' म्हणाला की वाद न घालता निघायचं.

जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवेच्या या लाँच बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो आहे, 2020 पासून चालू आहे. पण हवा खराब असेल तर तीही थांबते, आदल्या दिवशी चौकशी करा.

चेंबूरहून

रो-रोचा विषय निघाला म्हणून. माझी आई चाकाच्या खुर्चीत असते. लाँचच्या पायऱ्या तिला जमत नाहीत, आणि मुंबईत राहून वर्षानुवर्षं तिने समुद्र फक्त गाडीच्या काचेतून बघितलेला. रो-रोमध्ये आपली गाडीच बोटीत चढते. फ्रीवेने भाऊचा धक्का आम्हाला जवळ आहे. मधल्या वारी गेलो, गर्दी नव्हती. आई तासभर वाऱ्यावर बसली, बंदरातली जहाजं मोजत होती, 'ही कुठे चालली असतील रे' विचारत होती. मांडव्याला उतरून जेवलो, जेट्टीच्या आसपास फिरलो आणि दुपारच्या बोटीने परत. अलिबाग गाठायचा अट्टहास केला नाही. तिची सहल म्हणजे ती बोटच होती.

आधी फोन करून विचारायचा प्रश्न एकच: 'आत यायला पायऱ्या किती?' 'व्हीलचेअर चालेल का' विचारलं तर सगळे 'हो हो, या' म्हणतात. आम्ही जेवलो तिथे दाराशीच तीन पायऱ्या होत्या आणि मोरी त्याच्याही वर. वाढणाऱ्या दोन मुलांनी खुर्ची उचलून आत नेली, त्यांचे उपकार. पण आईला ते आवडलं नाही, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

डोंबिवलीहून

आमची मुलगी लहान आहे, दुपारी तिला झोप लागतेच. म्हणून आमची सहल अर्ध्या दिवसाची. अंबरनाथचं शिवमंदिर. सगळी मुंबई सकाळी दक्षिणेला चाललेली असते तेव्हा आम्ही रिकाम्या गाडीत खिडकीशी बसून उलटे जातो. स्टेशनवरून रिक्षा केली की मंदिर. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चं, शिलाहारांच्या काळातलं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर एक बोटभर जागा मोकळी नाही. मुलीला हत्ती शोधायला लावले की तासभर निघतो. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी मूर्ती बघायला जाऊ नका, दर्शनाला जायचं असेल तर जा.

ठाण्याहून

मी एकटी जाते, बहुतेक वेळा भाजे-कार्ले. एकटीने जायचं तर रेल्वेच्या जवळची जागा हवी, हा माझा नियम. पुण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या एक्स्प्रेसने लोणावळा, तिथून पुण्याच्या लोकलने पुढचंच मळवली. फलाटावरून दोन्हीकडचे डोंगर दिसतात, एकीकडे भाजे, दुसरीकडे कार्ले. भाज्यापर्यंत चालत जाता येतं. दुपारी या लोकलना मोठा खंड असतो, म्हणून परतीची वेळ आधीच लिहून ठेवते.

दोन्ही लेणी एका दिवसात होतात, पण मी भाजे आधी करते, कारण कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाची गर्दी दिवसभर असतेच आणि भाज्याला सकाळी जवळजवळ कुणी नसतं. कोळी-आगरी कुटुंबं वाजतगाजत येतात, पालख्या असतात. चैत्रात तर पाय ठेवायला जागा नसते. लेणी शांतपणे बघायची तर चैत्र टाळा.

कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. सगळे वर बघतात. मी सांगेन, खांबांकडे बघा. त्यातले बरेच खांब कुणीतरी दान दिलेले आहेत आणि त्यांवर ब्राह्मीत दात्याचं नाव कोरलेलं आहे. धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे त्या काळचे ग्रीक, आहेत त्यात. लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतरच्या तिरप्या उजेडात अक्षरं चांगली उठून दिसतात. मला ब्राह्मी वाचता येत नव्हती, या खांबांसाठी थोडी शिकले. 'धेनुकाकटा' एवढं पहिल्यांदा स्वतः लावता आलं तेव्हा किती आनंद झाला म्हणून सांगू!

स्वच्छतागृह: लोणावळा स्टेशनवर जाऊन घ्या. पुढे भरवसा नाही.

वसईहून

आमच्या किल्ल्यावर येणारे बहुतेक लोक लग्नाआधीचे फोटो काढायला येतात. त्यांना माझी ना नाही. पण 1739 साली चिमाजी अप्पांनी घेतलेला हा किल्ला नीट बघायचा तर निदान तीन तास हवेत, कारण तो किल्ला कमी आणि तटाच्या आतलं अख्खं शहर जास्त आहे. चर्चचे अवशेष, मठ, वाडे, आणि सगळ्यांवर वडा-पिंपळाची मुळं. वसई रोडला पश्चिमेला उतरा, किल्ला बंदरची बस पकडा. आधी किल्ला, मग उन्हं चढली की बंदरावर या. बांबूंवर बोंबील सुकत घातलेले दिसतील. वास येणारच, नाक मुरडू नका, आमच्या लोकांचं पोट आहे ते. परत जाताना सुकेळी घ्या. राजेळी केळी उन्हात सुकवून करतात, रंगाने गुळासारखी तांबूस असतात. पांढरट दिसली तर घेऊ नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. मे महिन्यात तटावर सावली नाही.

न्यू जर्सीहून (माहेर दादर)

डिसेंबरात मुलांना घेऊन येते तेव्हा घारापुरी ठरलेली. सकाळी नवाच्या आत गेटवेला पोचा. लाँचला तासभर लागतो, वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे देतो आणि ते वसूल होतात. जेट्टीपासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पुढे शंभरावर पायऱ्या. हातात बाटली किंवा खाऊ दिसला की माकडं येतात, सगळं पिशवीत ठेवा. सदाशिवाची मूर्ती जवळपास 20 फूट उंच आहे. आत शिरल्या शिरल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थांबा, मग जवळ जा. आम्ही मुलांना डावीकडचा चेहरा बघून नंतर उजवीकडचा बघायला सांगितलं. एक उग्र, एक सौम्य, हे त्यांचं त्यांनीच ओळखलं.

नेरूळहून

रोहित (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट जाते, पण ती भरतीच्या वेळेवर, खाडी उथळ आहे म्हणून. वेळ रोज बदलते, आधी नोंदणी करा. हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षी असतात. ठाणे खाडी 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. आणि उरणपर्यंत लोकल जानेवारी 2024 पासून धावते, आमच्यासारख्यांना तो समुद्र आता घराशी आला.

ठाण्याहून, निवृत्त

आम्ही दोघं लाल परीने फिरतो. मी पंचाहत्तरी पार केली, मला एसटी फुकट. हिला अर्ध्या तिकिटात. वज्रेश्वरीला सकाळी जातो. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस केला आणि वसई मिळाल्यावर देऊळ बांधलं गेलं. पुढे अकलोली-गणेशपुरीला तानसेकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. कुंडात एकदम उतरू नये, आधी पाय भिजवावेत. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी नुसते पायच बुडवावेत, तेवढ्यानेही बरं वाटतं. जेवणाचा डबा घरचा. एसटीचा चालक थांबला की वाहकाला विचारून ठेवतो, शेवटची गाडी कितीची. फलकापेक्षा त्याचं उत्तर खरं.

दादरहून

सगळं वाचलं. सासू-सासरे सत्तरीचे, मुलगा सात वर्षांचा, दिवस फक्त रविवार मिळतोय, तोही जुलैत. माथेरान जमेल का? सासूबाईंना फार चालवत नाही.

धागा काढणारी

ताई, जमेल, पण थोडं बेतून. नेरळहून वर जाणारी फुलराणी पावसाळ्यात बंद असते. 1907 पासूनची गाडी आहे, तिच्या नादाने जाल तर मुलगा हिरमुसेल. मात्र अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी चालू असते, त्याला आधीच तेवढंच सांगून ठेवा. दादरहून सकाळची कर्जत लोकल घ्या, ब्लॉक सुरू व्हायच्या बऱ्याच आधी नेरळला उतराल. तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे मोटारींना बंदी आहे, बाजारपेठ अडीच किलोमीटरवर. सासूबाईंसाठी फुलराणीची ती फेरी नाहीतर ई-रिक्षा. रिक्षा मोजक्याच आहेत, रविवारी रांग लागते, म्हणून सासऱ्यांना मुलाबरोबर बसवून तुम्ही आधी तिकिटाच्या रांगेत उभ्या राहा.

पॉइंट एकच करा. जुलैत निम्मा वेळ धुकं असतं, पाच पॉइंट फिरलात तरी पाचही ठिकाणी पांढरंच दिसायचं. तांबडी माती निसरडी होते, सासूबाईंना खडबडीत तळाचे बूट घाला आणि एक काठी बरोबर ठेवा. दोन-अडीचला परत निघा. चारनंतर सगळे एकदम उतरतात आणि दस्तुरीला टॅक्सी मिळत नाही. तुम्ही नेरळला पोचाल तोवर ब्लॉक संपत आलेला असेल. त्या दिवशीचा ब्लॉक नेमका कुठल्या स्टेशनांमध्ये आहे ते शनिवारी रात्री बघून घ्या आणि इथे लिहा, त्याप्रमाणे परतीची लोकल ठरवू.